पेरू झाडावरचा, पेरू बरणीतला



दिवाळीची सुट्टी संपते. शाळा पुन्हा सुरू होते. सकाळी आंघोळीला जाताना अंगावर जरासा काटा येतो. आणि मग एके दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर कोण येऊन उभं राहतं? बरोब्बर! पेरूवाला! टोपलीत हिरवे-पिवळे पेरू रचलेले, बाजूला तिखट-मिठाचा डबा. तो पेरूला सुरीने चार चिरा देतो, त्यांत तिखट-मीठ भरतो आणि कागदावर ठेवून तुमच्या हातात देतो. सुटलं ना तोंडाला पाणी?

"हा पेरू आला कुठून?" असं मी वर्गात विचारलं की मुलं एका सुरात ओरडतात, "मार्केटमधून!" बरं, मार्केटमध्ये कुठून आला? "टेम्पोतून!" तेही खोटं नाही. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता, श्रीरामपूर या भागांत पेरूच्या मोठमोठ्या बागा आहेत. तिकडून पेरू मुंबईला येतात. पण आज मी तुम्हांला टेम्पोत कधीच न बसलेल्या पेरूंची गोष्ट सांगणार आहे. हे पेरू आपल्या परळमध्येच पिकले. गोष्ट माझ्या स्वतःच्या चाळीतली आहे आणि तिच्यात माझी एक मोठी फजितीसुद्धा आहे. तीही सांगणार आहे, अगदी काही न लपवता!

पोपटाने लावलेलं झाड

आमची चाळ तीन मजली होती. मागच्या बाजूला सार्वजनिक नळ आणि नळाच्या शेजारी दोन-चार हात मोकळी माती. त्या मातीत पेरूचं झाड होतं. ते कोणी लावलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी म्हणायच्या, "कोण कशाला लावतोय? पोपटाने लावलंय ते!" आजींचं म्हणणं गमतीचं असलं तरी अगदीच चुकीचं नव्हतं. बुलबुल, खारी, वटवाघळं पेरूवर ताव मारतात. पेरूची बी टणक. ती पोटातून तशीच बाहेर पडते आणि जिथे पडेल तिथे रुजते. आमच्या झाडाला हंडे-कळशा भरताना सांडलेलं पाणी आयतंच मिळायचं. मग काय, ते वाढत वाढत पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोहोचलं.

तुम्ही पेरूचं झाड जवळून पाहिलं आहे का? पाहिलं नसेल तर जरूर पाहा. खोड इतकं गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटतं. त्याची जुनी साल पापुद्र्यांसारखी सुटते आणि खाली फिकट हिरवट रंग दिसतो. पानं समोरासमोर, जोडीजोडीने लागतात. त्यांवरच्या शिरा अशा उठून दिसतात की बोटांनीही कळतात. फूल पांढरं असतं आणि त्याच्या मधोमध केसरांचा झुपका. आता जांभळाचं फूल आठवा. त्यालाही असाच केसरांचा झुपका असतो. पेरू, जांभूळ, लवंग आणि निलगिरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत, बरं का!

या झाडासाठी आमच्या आजींनी एक कायदा केला होता. झाडावरचा पेरू सगळ्या चाळीचा, आणि खाली पडलेला पेरू ज्याला सापडेल त्याचा. कायदा तसा सोपा. पण आम्ही मुलं कमी चलाख नव्हतो. आम्ही गुपचूप झाड हलवायचो! मग आजींनी कायद्यात दुरुस्ती केली, "हलवून पाडलेला पेरू पडलेला धरला जाणार नाही!"

पाहुणा आला आणि घरचा झाला

नाव पेरू, म्हणजे तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आला असेल, असं तुम्हांला वाटेल. तो मूळचा अमेरिका खंडातलाच, हे खरं आहे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचा उष्ण प्रदेश हे त्याचं माहेर. मिरची, बटाटा, काजू, अननस ही मंडळीसुद्धा तिकडचीच. पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर पेरू भारतात आला. पण त्याच्या नावाचा संबंध देशाशी नसून पोर्तुगीज भाषेतल्या 'पेरा' या शब्दाशी जोडला जातो. 'पेरा' म्हणजे नासपती. गोव्यात कोकणी बोलणारे लोक पेरूला 'पेर' म्हणतात. आणि हिंदीतला 'अमरूद'? तो शब्द फारसीतला, आणि फारसीत त्याचा अर्थही नासपतीच! म्हणजे हे नवं फळ पाहून दोन वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांना नासपतीच आठवली. विदर्भातली मुलं मात्र पेरूला जांब म्हणतात.

हा पाहुणा मुंबईत सहज रुळला, कारण मुंबई तेव्हा बागांचीच होती. खरं वाटत नाही? मग नावं वाचा. गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, बोरभाट आहे. पुढे ताडदेव, चिंचपोकळी, उंबरखाडी. आमच्या शेजारच्या लालबागच्या तर नावातच बाग. कोकणात 'वाडी' म्हणजे घराभोवतालची नारळी-पोफळीची, फळझाडांची बाग. गिरगावातल्या वाड्यांमध्ये आता घरांना घरं लागून आहेत. तरी एखाद्या विहिरीपाशी, एखाद्या देवळामागे जुनं झाड तग धरून असतं.

आणखी एक गोष्ट, खास आई-बाबांसाठी. "थंडीत पेरू खाऊ नकोस, सर्दी होईल," असं आपण मुलांना सांगतो ना? सर्दी विषाणूंमुळे होते, पेरूमुळे नाही. उलट, शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त 'क' जीवनसत्त्व असतं. तेवढ्याच वजनाच्या संत्र्यात असतं त्याच्या कितीतरी पट! ते सालीत आणि सालीलगतच्या गरात सर्वांत जास्त असतं. म्हणून पेरू स्वच्छ धुवावा आणि सालीसकट खावा.

माझी फजिती

मी शिक्षिका झाले त्यानंतरची ही गोष्ट. ऑगस्टचा महिना होता. झाडाला भरपूर पेरू लागले होते. वर्गात 'फळे' हा पाठ चालू होता. मला वाटलं, मुलांना पुस्तकातलं चित्र कशाला दाखवायचं? खरंखुरं फळच दाखवू या! मी पिशवीभर पेरू घेऊन गेले. टेबलावर सुरी, ताटली, मिठाची वाटी. सगळी मुलं माना उंचावून बघताहेत. मी पहिला पेरू कापला.

आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या!

"ईऽऽऽ!" सगळा वर्ग किंचाळला. दुसरा पेरू कापला, तेच. तिसरा, तेच. पाठ तिथेच संपला.

पण खरी चूक मी पुढे केली. घरी आल्यावर ते किडके पेरू मी झाडाच्या बुंध्याशीच टाकले. म्हटलं, कुजून खत होईल. झाडाचं झाडालाच परत! विचार छान होता, पण परिणाम? हिवाळ्यातले पेरू एरवी चांगले निघायचे, त्या वर्षी तेही किडले. आजींना एकही धड पेरू मिळाला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण मला फार वाईट वाटलं. मग मात्र मी पुस्तकं काढली आणि वाचायला बसले.

चोर असतो फळमाशी. पिकायला आलेल्या पेरूच्या सालीला ती बारीकसं भोक पाडते आणि आत अंडी घालते. बाहेरून आपल्याला सुईच्या टोकाएवढा डाग दिसला तर दिसतो. एक-दोन दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात आणि आतला गर खात मोठ्या होतात. पेरू गळून खाली पडतो. अळ्या पेरूतून निघून मातीत शिरतात, तिथे कोष करतात आणि काही दिवसांनी कोषातून नवीन माश्या बाहेर येतात. म्हणजे मी काय केलं होतं? शत्रूला जेवण दिलं होतं आणि झोपायला मऊ मातीची गादीसुद्धा!

त्यानंतर आम्ही चाळीतल्या मुलांनी चार नियम केले. तुमच्याकडे झाड असेल तर तुम्हीही पाळा.

पहिला नियम : गळलेला पेरू रोजच्या रोज उचलायचा. किडका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवायचा. ऊन नसेल तर दोन दिवस बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायचा. बुंध्याशी कधीच टाकायचा नाही.

दुसरा नियम : पेरू लिंबाएवढा झाला की त्याला पिशवी घालायची. वर्तमानपत्राची पिशवी पावसात भिजून फाटते. म्हणून आम्ही जुन्या मच्छरदाणीच्या आणि ओढण्यांच्या पिशव्या शिवल्या. फळाला पिशवी घालून देठापाशी सुतळीने हलकेच बांधायची. फळमाशी आत जाऊच शकत नाही. पोपटालाही जरा विचार करावा लागतो!

तिसरा नियम : झाडापाशी फळमाशीचा सापळा टांगायचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्याच्या बागांसाठी 'रक्षक सापळा' तयार केला आहे. त्यातल्या वासाला भुलून नर माश्या आत येतात आणि अडकतात. नरच नाहीत, तर पुढची पिढी कुठून येणार?

चौथा नियम : झाडावर मुंग्यांची रांग दिसली की थांबून बघायचं. मुंग्या उगाच येत नाहीत. पानाखाली कापसासारखे पांढरे पुंजके असले तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. सुरुवातीलाच ओल्या फडक्याने पुसून काढला तर तो फार पसरत नाही.

सगळे एकदम पिकले!

पुढच्या हिवाळ्यात आमचे पेरू असे निघाले की विचारू नका. पण त्यातून नवीनच प्रश्न उभा राहिला. पेरू झाडावरून उतरवला की तीन-चार दिवसांत मऊ पडतो. तो तोडल्यानंतरही पिकत राहतो. आणि एक पिकला की त्याच्या शेजारचेही भराभर पिकतात, कारण पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. चाळीत वाटून झाले, शाळेत देऊन झाले, तरी दोन टोपल्या शिल्लक. काय करायचं?

उत्तर लालबागच्या मसाला गल्लीत आहे! एप्रिल-मे महिन्यांत तुमची आई-आजी तिथून वर्षाचा मसाला करून आणते ना? मिरच्या आधी कडकडीत उन्हात का वाळवतात? सुके बोंबील दोरीवर का टांगतात? लोणच्यात इतकं मीठ का घालतात? कारण एकच, पाणी! बुरशी आणि जंतू यांना जगायला पाणी लागतं. पाणी उडवून लावा, किंवा मीठ-साखर घालून ते बांधून टाका. जंतूंना ते पिता येत नाही. मुरांब्यात आणि जेलीत हे काम साखर करते. म्हणून "साखर जरा कमीच घालते" असं म्हणून चालत नाही. साखर कमी पडली की जेली लवकर बिघडते.

आधी पेरूंची निवड करायची. कच्चे वेगळे, कडक पण नुकते पिकायला लागलेले वेगळे, पूर्ण पिकलेले वेगळे. कच्च्या पेरूची गूळ घालून भाजी करायची. एखाद्या पिकलेल्या पेरूची दही घालून कोशिंबीर. कडक पेरूंची जेली आणि पिकलेल्यांचं पेराड.

आता एक महत्त्वाची सूचना. पुढचं काम मोठ्या माणसांनी करायचं. उकळती साखर पाण्यापेक्षा जास्त तापते आणि अंगाला चिकटते. मुलांनी पेरू धुवायचे, मोजायचे, बरण्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि शेवटी कढई चाटायची. थंड झाल्यावर!

पेरूची जेली : एक किलो कडक पेरू धुऊन पातळ चकत्या करा. त्या बुडतील एवढंच पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा. घोटू नका. स्वच्छ पंचात बांधून तीन-चार तास टांगून ठेवा आणि रस आपोआप गळू द्या. पंचा पिळण्याचा मोह आवरा, नाहीतर जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर उकळा. हळूहळू रंग गुलाबी-लालसर होत जातो. एक थेंब गार ताटलीवर टाका. थोड्या वेळाने बोटाने ढकलल्यावर त्याला सुरकुती पडली की जेली झाली. पेरूत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. साखर आणि लिंबाचं आंबट यांच्या मदतीने तो जाळं विणतो आणि त्या जाळ्यात रस अडकून बसतो. म्हणून रसाची जेली होते. कडक पेरूत पेक्टिन जास्त असतं, तर अगदी पिकून मऊ पडलेल्या पेरूत ते कमी होतं. आता कळलं ना, निवड का करायची?

पेराड : हे मला गिरगावात राहणाऱ्या, माझ्या शाळेतल्या एका बाईंनी शिकवलं. गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांमध्ये नाताळाच्या फराळात पेरूच्या या लालसर वड्या हव्याच. गिरगावातल्या खोताच्या वाडीत जुनी ईस्ट इंडियन घरं आहेत, ती तुम्ही पाहिली असतील. पोर्तुगीज भाषेत 'पेराडा' म्हणजे नासपतीचा घट्ट मुरांबा. इथे नासपती कुठली? मग पेरूचाच केला आणि नाव तेच ठेवलं! पिकलेले पेरू शिजवून चाळणीवर घासा, म्हणजे बिया वर राहतील. जेलीसाठी टांगलेल्या पेरूंचा चोथाही यात घासून घालता येतो, काही वाया जात नाही. जितका गर, जवळजवळ तितकीच साखर. जाड बुडाच्या कढईत लांब दांड्याच्या उलथन्याने ढवळत राहा, कारण हे मिश्रण फार उडतं. लिंबू पिळा. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापा. दुसऱ्या दिवशी वड्या पाडा.

बरण्या आधी पाण्यात उकळून, उलट्या ठेवून, पूर्ण कोरड्या करून घ्या. चमचाही कोरडाच हवा. बरणीवर तारीख लिहा. उघडलेली जेली फ्रिजमध्ये ठेवा. आणि कुठेही बुरशी दिसली तर वरवरचा भाग काढून खायचा नाही. सगळी बरणी टाकून द्यायची.

झाडाला घर बदलता येत नाही

असे काही हिवाळे गेले. मग एके दिवशी चाळीत सभा झाली. चाळ पाडून तिथे उंच इमारत होणार होती. मोठ्या माणसांना आनंद झाला, कारण गळणारं छप्पर, सामायिक संडास, पावसाळ्यातली ओल यांतून सुटका होणार होती. तो आनंद खोटा नव्हता. पण मागच्या झाडाचं काय? महाराष्ट्रात १९७५ सालापासून शहरांतल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. इथे रीतसर परवानगी घेतली होती. झाड जाणार हे नक्की झालं.

चाळीतली मुलं माझ्याकडे आली. "ताई, त्याच्या बिया लावू या ना!" मी म्हटलं, लावू, पण बीपासून येणारं झाड अगदी असंच असेल असं नाही. तुम्ही तुमच्या आई-बाबांसारखे दिसता, पण हुबेहूब तेच नसता ना? तसंच.

मग मी त्यांना पुण्यातली एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या गणेशखिंड इथल्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा आणि त्यांचे सहकारी देशमुख यांनी अलाहाबाद सफेदा जातीच्या पेरूंच्या रोपांमधून एक उत्तम झाड निवडलं. साल होतं १९२७. त्या जातीला 'लखनौ-४९' म्हणतात, आणि तिचंच दुसरं नाव 'सरदार'. बाजारातल्या पेरूंमध्ये सरदार आजही नावाजलेला आहे. पण ते निवडलेलं झाड तर एकच होतं! मग देशभर सरदारच्या बागा कशा झाल्या? कलमं करून. कलम म्हणजे नवं बाळ नव्हे. ती त्याच झाडाची फांदी, फक्त दुसऱ्या मातीत उभी राहिलेली.

"म्हणजे आपलं झाडसुद्धा नेता येईल?" एका मुलीने विचारलं.

आम्ही जूनच्या शेवटी, पाऊस लागल्यावर, गुटी कलमं बांधली. कृती सांगते. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडायची. तिच्यावरची बोटभर रुंदीची साल गोल काढून टाकायची. हे धारदार चाकूचं काम मोठ्यांनीच करायचं. त्या उघड्या भागाभोवती ओलं शेवाळ किंवा नारळाचा भुसा लपेटायचा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं घट्ट बांधायची. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं. पुढे वाट नसल्यामुळे ते तिथेच साठतं आणि मुळं फुटतात. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग गुटीच्या खाली फांदी कापायची.

आम्ही पाच गुट्या बांधल्या. तीन लागल्या. त्यांतली एक माझ्या हातून गेली, कारण मी ती पहिल्याच दिवशी उन्हात ठेवली. नवं कलम दोन-तीन आठवडे सावलीत सांभाळायचं असतं. उरल्या दोन. एक आजींनी नेली. त्या मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या. दुसरी मी शाळेत आणली.

पावसाळा संपल्यावर झाड तोडलं. मी पाहायला गेले नाही.

पिंपातला संसार

शाळेच्या अंगणात माती नाही, सगळी फरशी. मग झाड लावायचं कशात? पिंपात! मुंबईत हे काही नवीन नाही. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी भाज्यांच्या साली-देठांचं खत करून भाज्या आणि फळझाडं वाढवली. पुढे 'अर्बन लीव्हज्' या गटातून त्यांनी इतरांनाही हे शिकवलं.

आम्ही शंभर लिटरचं पिंप घेतलं. तळाला भोकं पाडली. त्यावर विटांचे तुकडे, मग नारळाच्या शेंड्या, रसवंतीवाल्याकडून आणलेली उसाची चिपाडं, वाळलेली पानं आणि वरच्या भागात माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. चिपाडं आणि पानं यांमुळे पिंप हलकं राहतं. ओली माती फार जड असते. म्हणून गच्चीवर पिंप ठेवायचं असेल तर सोसायटीला विचारा आणि मोठ्यांकडून जागा ठरवून घ्या. कठड्यावर किंवा जुन्या गॅलरीत मुळीच ठेवू नका. खाली ताटली ठेवलीत तर तिच्यात पाणी साचू देऊ नका, डास होतात.

पेरूला रोज पाच-सहा तास ऊन हवं. फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून मे महिन्यात पाणी जरा कमी करून फांद्यांचे शेंडे छाटले, की पहिल्या पावसाबरोबर नवी फूट येते, तिच्यावर फुलं येतात आणि थंडीत पेरू तयार होतात. शेतकरी याला मृग बहार म्हणतात. या पेरूंना फळमाशीचा त्रास कमी आणि गोडी जास्त. पहिल्या वर्षी आलेली फुलं मात्र आम्ही काढून टाकली. मुलं हळहळली. पण झाडाला आधी मुळं तर धरू द्यायला हवीत ना!

अकरा पेरू, चौतीस मुलं

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, आमच्या पिंपातल्या झाडाला अकरा पेरू लागले. वर्गात मुलं चौतीस. वाटायचे कसे? एक मुलगा लगेच उठला, "बाई, एकाचे चार! अकरा चोक चव्वेचाळीस!" हिशेब अगदी बरोबर. पण पेरूंना पाढे येत नाहीत. सोमवारी दोन पिकले, गुरुवारी तीन, मग आठवडाभर एकही नाही. कोणाला आज द्यायचा आणि कोणाला थांबवायचं?

तेव्हा मला बरणी आठवली. जसजसे पेरू पिकले तसतसा मी त्यांचा गर काढून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला. अकरावा पेरू पिकल्यावर एका शनिवारी पेराड केलं. सोमवारी डबा वर्गात नेला. प्रत्येकाला एक वडी मिळाली. ज्या मुलीने "आपलं झाडसुद्धा नेता येईल?" असं विचारलं होतं, ती आता मोठ्या शाळेत जाते. तिची वडी कागदात बांधून ठेवली होती. आजींनाही डबी पाठवली. त्यांचा फोन आला, "झाड तेच आहे गं, चव कळली मला." आणि मग म्हणाल्या, "माझ्याही झाडाला कळ्या धरल्यात!"

तर दोस्तांनो, तुमच्या वाडीत, चाळीत, शाळेमागे एखादं पेरूचं झाड आहे का? आधी शोधा. त्याच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पुढच्या पावसाळ्यात, मालकाची परवानगी घेऊन आणि मोठ्यांना सोबत घेऊन, त्याची एक गुटी बांधा. आणि ती लागली की दुसरी शेजाऱ्यांसाठी बांधा. लागायचं मग कामाला?